गुडघ्याचं निमित्त

घरातलं तरणं पोरगं सुटीचे दिवस नसताना ओट्यावर बसलेलं दिसलं, की आपल्याकडे शेजाऱ्यांच्या पोटात कळ येते. चार दिवस झाले की "किती दिवसांची रजा?" आणि पंधरा दिवस उलटले की "अजून हायेच का?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. तुम्हीही विचारले असतील, वाचकहो. मीही विचारले आहेत. तेव्हा ही गोष्ट भलत्याच कुण्या दुष्ट माणसांची आहे असं समजून वाचायला बसू नका.

टेंभुर्णीपासून दोन कोसांवरच्या एका गावात बद्रीनाथची पिठाची गिरणी आहे. लोक सकाळी ज्वारीचे डबे रांगेत ठेवून जातात, संध्याकाळी पीठ नेतात आणि मधल्या वेळात गावातली प्रत्येक बातमी तिथे दळून निघते. गेल्या उन्हाळ्यात बद्रीनाथचा एकुलता एक मुलगा हरिओम फौजेत लागला. तेव्हा गावाने काय काय केलं म्हणता! उघड्या जीपमधून मिरवणूक, डीजे, गुलाल. तातेरावने वेशीवर दहा फुटी फ्लेक्स लावला. हा तातेराव म्हणजे गावाबाहेरच्या माळावर पोरांना पळवून त्यांची भरतीची तयारी करून घेणारा अकॅडमीवाला. हरिओम त्याच्याच हाताखाली तयार झालेला. यंदाच्या २६ जानेवारीला 'फौजीचा बाप' म्हणून बद्रीनाथला शाळेच्या मैदानात पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. जन्मभर पिठाने पांढरा झालेला माणूस. त्या खुर्चीत बसून आल्यापासून मान जरा जास्तच ताठ ठेवू लागला होता. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आणि फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, भर अकरा वाजता, काळी पेटी घेऊन हरिओम गिरणीच्या दारात उभा राहिला.

"आरं! ना खबर ना बात! किती दिवसाची सुट्टी?" बद्रीनाथने मोठ्याने विचारलं. मोठ्याने अशासाठी, की गिरणीत चार गिऱ्हाइकं उभी होती.

"सुट्टी न्हाई बाबा. फौजेतून नाव कमी करून आलो."

गिरणीचा एवढा आवाज चालू असून ते चौघांनाही बरोबर ऐकू गेलं. चौघांच्या माना वळल्या. त्या आठ डोळ्यांपुढे बद्रीनाथला काय सुचावं? त्याच्या तोंडून निघून गेलं, "गुडघा! गुडघा गेला त्याचा. मेडिकलवर पाठवलंय."

हरिओमने बापाकडे एकवार पाहिलं, पेटी खांद्यावर घेतली आणि तो सरळ चालत घरी निघून गेला. गुडघा गेलेला माणूस असा चालत नाही, हे त्या घाईत बद्रीनाथच्या ध्यानातही आलं नाही.

खरं काय ते दुपारी घरी कळलं. आई पुष्पाबाई, बहीण तृप्ती आणि बाप यांच्यासमोर बसून हरिओमने शांतपणे सांगितलं.

"पळण्यात, फायरिंगात मी पयल्या पाचात होतो. मंग संगीन शिकवली. पोत्यात भुस्सा भरून माणसाएवढी बाहुली टांगतेत. वरडत पळायचं, भोसकायचं, उपसून काढायचं. मी केलं बराबर. उस्तादनं पाठ थोपटली. पण त्या दिवशी मला पक्कं समजलं, पोत्याजागी माणूस आला तर मी त्याला मारनार न्हाई. मरायची भीती न्हाई मला. मला मारायचंच न्हाई कुनाला. आन् कसम परेड तर जवळ आल्ती."

कसम परेड म्हणजे शिक्षणाच्या शेवटी तिरंग्यासमोर घ्यायची शपथ. मिळेल तो हुकूम जिवावर उदार होऊन पाळीन, अशी शपथ घेतली की रंगरूट शिपाई होतो.

"मी साहेबाला सांगितलं, जखमी उचलतो, सैपाक करतो, खंदक खंदतो. माणूस मारायची कसम खात न्हाई. साहेब वाईट नव्हता. म्हनला, बेटा, कसम सगळ्यांना येकच असते. महिनाभर समजावून पाह्यलं आन् मंग नाव कमी केलं."

पुष्पाबाईने डोळ्यांना पदर लावला. बद्रीनाथ मात्र उसळून उठला. "लोकांची पोरं देशापायी जीव देऊन राह्यली, आन् तू भुश्श्याच्या पोत्याला भ्यालास? अरे, कोन्या तोंडानं आलास!"

त्या दिवसापासून बापाने मुलाशी बोलणं टाकलं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो बसायला फार दिवस लागले नाहीत. तिसऱ्याच दिवशी हरिओमने गिरणीपुढच्या टेम्पोतून ज्वारीची पन्नास किलोची पोती एकट्याने उतरवली, ती अर्ध्या गावाने पाहिली. आठवड्याभरात त्याच्याच तुकडीतल्या भोकरदनकडच्या एका पोराचा फोन अकॅडमीत आला, आणि "तो कसम परेडला उभाच राह्यला न्हाई" ही बातमी गावभर झाली.

मग काय विचारता! ज्यांनी गुलाल उधळला होता त्यांनीच वेशीवरच्या फ्लेक्सला शेण फासलं. पहाटे माळावर पळायला जाणारी पोरं मुद्दाम बद्रीनाथच्या घरावरून जाऊ लागली. दारासमोर आली की शिट्ट्या मारायची आणि "भागो रे भागो!" म्हणून ओरडायची. गिरणीपुढचे चाळीस डबे दहावर आले. लोक पीठ दळायला टेंभुर्णीला जाऊ लागले. जायचा खर्च दळणापेक्षा जास्त, पण भगोड्याच्या बापाकडे दळायचं नाही! एका सकाळी तर गिरणीच्या वजनकाट्यावर कुणीतरी डझनभर हिरव्या बांगड्या ठेवून गेलं. त्या पाहून बद्रीनाथ झाकायला पोतं शोधू लागला. डबा द्यायला आलेल्या तृप्तीने मात्र त्या उचलल्या आणि तिथेच हातात चढवल्या.

"मापाच्या हायेत," ती म्हणाली. "ज्यानं ठिवल्या त्याच्या घरात बाया उघड्या हातानं काम करतेत का, ते इचारा त्याला."

पोरगी धीट होती. पण तिच्याच लग्नाचं सगळं येऊन अडलं होतं. टेंभुर्णीच्या राधेश्याम आडत्याच्या मुलाशी तिची सुपारी फुटली होती. मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर, निर्व्यसनी. तृप्तीच्या मनात भरलेला. एप्रिलची तारीखही ठरली होती.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी राधेश्याम आणि तातेराव जोडीने बद्रीनाथच्या ओट्यावर आले. चहा आला, पण राधेश्यामने कप बाजूला सरकवून ठेवला.

"व्याही, लोकं आम्हाला इचारून राह्यले, की तुमच्या सुनेचा भाऊ पळून आला का? मी काय सांगू? आमच्या घराण्याला असलं चालत न्हाई."

"मेडिकल हाये हो! गुडघा..." बद्रीनाथ चाचरला.

"मंग तसं गावासमोर सांगा," तातेराव म्हणाला. "रविवारी खंडोबाच्या देवळात पोरानं बेलभंडार उचलावा आन् म्हनावं, गुडघ्यामुळं आलो. विषय खतम!"

बेलभंडार उचलणं म्हणजे त्या गावाचं शेवटचं कोर्ट. बांधाचं भांडण असो की चोरीचा आळ, देवासमोर बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन जो बोलला त्याचं खरं मानायचं, आणि पुन्हा तो विषय कुणी काढायचा नाही, असा तिथला रिवाज.

राधेश्याम गाडीकडे गेल्यावर तातेराव बद्रीनाथच्या कानाशी लागला. "बद्री, खरं काय ते मला बी ठाऊक हाये. पण माझ्याकडं साठ पोरं हायेत. माझ्या हाताखालचं पोरगं फौजेला न्हाई म्हनून आलं असं झालं तर उद्या कोन येईल माझ्याकडं? एवढं येक वाक्य म्हनायला सांग त्याला. तुझी बी सुटका, माझी बी."

बद्रीनाथला बुडत्याला काडी सापडल्यासारखं झालं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तो मुलाशी बोलला. "रविवारी देवळात चल. बेलभंडार उचलायचा आन् गुडघा म्हनायचं. बस्स."

हरिओम म्हणाला, "बाबा, पाळता येनार न्हाई अशी कसम खायची न्हाई म्हून तर मी घरी आलो. आन् आता देवापुढं खोटं बोलू? खोटीच खायची असती तर तिथंच खाल्ली नसती का? निदान पगार तरी आला असता."

बद्रीनाथचा हात उठला आणि वीस वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत बसला. पुष्पाबाई मध्ये पडली. तृप्ती म्हणाली, "बाबा, दादाला खोटं बोलायला लावून माझं लगीन लावू नका!"

"तू गप बस! तुला काय कळतं?" म्हणत बद्रीनाथ तरातरा गिरणीत निघून गेला. मुलाने हात वर केला नाही, की गालाला लावलाही नाही.

शनिवारी गिरणीत गयासोद्दीन हवालदार आले. बावीस वर्षं फौजेत काढून आलेला, आता मोसंबीची बाग सांभाळणारा हा माणूस गावात सगळ्यांत आधी हरिओमवर तुटून पडेल, अशी लोकांना आशा होती. पण ते या पंधरवड्यात काहीच बोलले नव्हते. ज्वारीचा डबा त्यांनी खाली ठेवला आणि स्टुलावर बसले.

"बद्रीभाऊ, उद्या पोराला देवळात उभं करताय म्हनं?"

"करावंच लागंल, हवालदार. तुम्ही तर फौजी मानूस. तुम्हाला तर त्याची शरमच वाटत असंल."

"त्याचं मला पटत न्हाई," गयासोद्दीन म्हणाले. "बिलकुल न्हाई. बावीस साल मी बंदूक वागवली. देशाला फौज लागते आन् फौजेला येळ आली की मारनारे हात लागतेत. पण भगोडा कुनाला म्हनायचं ते मला इचारा. भ्यालेले मी लय पाह्यले. ते काय करतेत ठाऊक हाये? गुमान रांगेत उभे राहतेत, सगळ्यांपेक्षा जोरात कसम खातेत, आन् गोळी चालली की बाजूच्याला सोडून दगडामागं बसतेत. माझा जोडीदार असल्याच येकापायी गेला."

 गिरणीत त्यांची ज्वारी दळून होत आली होती.

"कसम म्हंजे काय, बद्रीभाऊ? बाजूचा मानूस तुमच्या कसमेवर आपली जान टांगून असतो. तुमच्या पोराला समजलं की हे माझ्यानं व्हायचं न्हाई, आन् त्यानं तसं तोंडावर सांगितलं. त्याच्यापायी कोन्या आईचं लेकरू वाचलं असंल, कुनाला ठाऊक! दोनशे पोरांच्या रांगेतून येक पाऊल पुढं येऊन साहेबाला न्हाई म्हनायचं! मला जमलं नसतं. आन् तुम्हाला तर चार गिऱ्हाइकांपुढं खरं बोलायला जमलं न्हाई."

बद्रीनाथने पिठाचा डबा त्यांच्यापुढे आदळला. "हवालदार, पीठ घ्या आन् निघा."

गयासोद्दीन डबा उचलून निघून गेले. रागाच्या भरात बद्रीनाथने पुढचं दळण इतकं जाडं काढलं, की ते परत दळावं लागलं. हवालदाराचं ते शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. चार गिऱ्हाइकांपुढं! पण त्याने ठरवलेलं बदललं नाही. लेकीचं लग्न होतं समोर, आणि एका वाक्यात सगळं निस्तरणार होतं.

रविवारी खंडोबाच्या देवळासमोर जत्रेसारखी माणसं जमली. तातेरावची साठही पोरं पांढऱ्या टी-शर्टात आली होती. राधेश्याम दोन पाहुण्यांना घेऊन पायरीशी उभा. गयासोद्दीन जरा बाजूला लिंबाखाली. पुजाऱ्याने ताटात बेलाची पानं आणि भंडारा आणून ठेवला.

"हं, उचल," तातेराव म्हणाला.

लपून बसायचं नाही म्हणून आलेला हरिओम पुढे आला. त्याने चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि मग हात खाली घेऊन तो सावधान उभा राहिला. छाती ताठ, नजर समोर. ताटाला त्याने हात लावला नाही.

"उचलतो का न्हाई?"

"न्हाई," हरिओम म्हणाला. "खोटं बोलायला बेलभंडार उचलनार न्हाई मी."

"भगोडा!" पाठीमागून कुणीतरी ओरडलं. "थुंका त्याच्या तोंडावर!" दुसरा ओरडला. एक चप्पल भिरभिरत आली आणि हरिओमच्या खांद्यावर आपटून खाली पडली. पोरगा हलला नाही.

बद्रीनाथ दोन हातांवर उभा होता. असाच हरिओम तिथे फौजेत साहेबापुढे उभा राहिला असेल, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. असाच एकटा! तिथे बाजूला बाप नव्हता हे ठीक. पण इथे? इथे तर बाप होता, दोन हातांवर होता, आणि चप्पल मारणाऱ्यांच्या बाजूने होता!

अरे, हा काय बापपणा झाला!

बद्रीनाथ पुढे झाला, त्याने ताटातलं बेलाचं पान उचललं आणि मूठभर भंडारा घेतला. आवाज गिरणीवाल्याचा होता. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडायची सवय असलेला.

"खंडेरायाची आन! ह्या पोराच्या गुडघ्याला काय बी झालेलं न्हाई! गुडघ्याचं खोटं मी बोललो! त्यानं फौजेत बी खरंच सांगितलं आन् घरी बी खरंच सांगितलं. मानूस मारायचा न्हाई म्हून तो माघारी आला. भ्याला तो न्हाई. भ्यालो मी! तुम्हाला भ्यालो!"

 एकदम गलका उसळला.

"बाप बी भगोडा!"

"देशद्रोही हायेत दोघं!"

तातेराव लालबुंद होऊन अंगावर धावून आला. "बद्री! माझी अकॅडमी बुडवलीस तू!"

"तातेराव, तुझी पोरं फौजेत जातील तेव्हा सगळ्यांत आधी नारळ मी फोडीन," बद्रीनाथ म्हणाला. "तिथं जीव द्यायला उभे राहनारे हायेत म्हून आपुन हितं दळण दळतो, मला बी समजतं. पण धाडायच्या आधी येकेकाला जवळ बसवून इचार, बाबा रे, हे तुला जमंल का? मनापासून करशील का? मी माझ्या पोराला इचारलंच न्हवतं. मिरवणूक पाह्यली आन् खुश झालो."

पांढऱ्या टी-शर्टातल्या पोरांपैकी दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. बाकीच्यांनी शिट्ट्या मारल्या.

राधेश्याम पायरी उतरून आला. "बद्रीनाथ, सोयरीक मोडली समजा."

 तृप्तीचा चेहरा बद्रीनाथच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. अजूनही हात जोडले असते, तर मार्ग निघाला असता. त्याने भंडाऱ्याची मूठ उघडली नाही.

"समजलो," तो म्हणाला.

लिंबाखालून गयासोद्दीनचा खडा आवाज आला. "बेलभंडार उचललाय त्यांनी. आता विषय बंद. रिवाज तुमचाच हाये!"

पण रिवाज सोयीचा असतो तोवरच लोक पाळतात. शिव्या थांबल्या नाहीत. बाप-लेक देवळापासून घरापर्यंत चालत गेले, तेव्हा वाटेत दोन दारं धाडकन लागली आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. बद्रीनाथने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. भंडाऱ्याने पिवळा झालेला तो हात त्याने घर येईपर्यंत काढला नाही. "लागलं का रं चप्पलचं?" त्याने विचारलं. "न्हाई," हरिओम म्हणाला. गालाचं विचारायची बापाची हिंमत झाली नाही. थोडं चालून गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझं चुकलं."

दारात पुष्पाबाई उभी होती. मागे तृप्ती.

"काय झालं?"

"सोयरीक मोडली."

तृप्ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून तिचं हुंदके देणं ऐकू येऊ लागलं. खोटं बोलून लग्न नको, हे तिचं म्हणणं खरं होतं, आणि हे रडणंही खरं होतं. बद्रीनाथ त्या दाराशी उभा राहिला, पण कडी वाजवायला त्याचा हात झाला नाही.

"आन् काय झालं?" पुष्पाबाईने घाबरून विचारलं.

"आन् आपलं पोरगं घरी आलं," बद्रीनाथ म्हणाला, आणि एवढा मोठा गडी तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.

वाचकहो, सीमेवर उभ्या असलेल्या शिपायाला सलाम करायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, आणि तो केलाच पाहिजे. पण 'हे माझं मन मला करू देत नाही' असं सगळ्यांसमोर सांगणाऱ्याला भगोडा म्हणायची घाई आपल्याला का असते? पाळता येणार नाही ती शपथ न घेणारा माणूस देशाला फसवत नाही. देशाला फसवतो तो जोरात शपथ घेऊन मनात दुसरंच ठेवणारा. मुलांना फौजेत धाडा, डॉक्टर करा, काहीही करा. पण त्यांच्या आतला आवाज मिरवणुकीच्या डीजेत बुडवू नका. आणि असं एखादं पोरगं तुमच्या गल्लीत परत आलं, तर दगड उचलायच्या आधी एवढं बघा, की त्याच्या बाजूला कुणी उभं आहे का. कुणी नसेल, तर ती जागा तुमची आहे. आणि तुम्ही त्याचा बाप असाल, तर ती जागा दुसऱ्या कुणाची नाहीच.